७९ वर्षांच्या बाबांना जिभेचा कॅन्सर – ऑपरेशन करावं की नको?

सावनी_प

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय आणि तोही असा. बाबा ७९ वर्षांचे. जिभेच्या डाव्या कडेला दोन महिने एक चट्टा होता, अर्धी कवळी घासते म्हणून झाला असेल असं धरून चाललो, कवळी घासून घेतली, जेल लावलं, बरं होईना, शेवटी दातांच्या डॉक्टरांनीच सांगितलं की तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर वाट बघायची नसते, बायोप्सी करा. केली. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघाला. गाठ ३ सेंमी, मानेत त्याच बाजूला एक लहान गाठ, छातीच्या स्कॅनमध्ये काही नाही. स्टेज तीन.

सर्जन म्हणाले जिभेचा तेवढा भाग काढायचा, मानेतल्या गाठी काढायच्या, नंतर ६ आठवडे रेडिएशन, आणि रिपोर्ट बघून गरज पडली तर सोबत केमो. बाबांना डायबेटिस आहे, बीपी आहे, ९ वर्षांपूर्वी एक स्टेंट घातलाय, ऐकायला थोडं कमी येतं. पण रोज अर्धा तास चालतात, बँकेचं सगळं स्वतः बघतात.

दादा म्हणतो या वयात कापाकापी नको, आहेत तेवढे दिवस सुखात जाऊ देत. मला वाटतं काही केलं नाही तर ते दिवस सुखात जाणारच नाहीत. आई नुसती रडते. आणि बाबांना आम्ही अजून "इन्फेक्शन आहे" एवढंच सांगितलंय. पुढच्या आठवड्यात निर्णय कळवायचाय. ज्यांच्या घरात कुणी सत्तरी-ऐंशी पार करून यातून गेलंय त्यांनी प्लीज लिहा, चांगलं वाईट दोन्ही.

काजवा_

वाचून पोटात कालवलं. काळजी घ्या, आईचीही. बाकी जाणकार लिहितीलच.

माळरान

सावनीताई, माझी आई ८२ ची होती तेव्हा गालाच्या आतल्या बाजूचं ऑपरेशन झालं. आमच्याही घरात हाच वाद, फक्त बाजू उलट होत्या, मी नको म्हणणारा होतो. आईने स्वतःच भूलतज्ज्ञाला विचारलं की मी उठेन ना टेबलावरून, ते म्हणाले तुमचं हृदय तुमच्या मुलाच्या चेहऱ्यापेक्षा बरं दिसतंय. आई हसली आणि सही केली.

खरं सांगायचं तर ऑपरेशन निभावलं, त्रास झाला तो तिसऱ्या रात्री. आई एकदम भलतंच बोलायला लागली, मला ओळखेना, नाकातली नळी ओढून काढली. आम्हाला वाटलं मेंदूत काहीतरी झालं. त्याला डिलिरियम म्हणतात आणि मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत तो बऱ्याचदा होतो हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. एका जुन्या सिस्टरने उपाय सांगितले, चष्मा लावा, कानातलं मशीन लावा, दिवसा पडदे उघडे ठेवा, समोर दिसेल असं घड्याळ ठेवा, आणि सारखी माणसं बदलू नका, ओळखीचा एकच चेहरा जवळ राहू दे. मी चार दिवस तिथून हललो नाही. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "तू ऑफिसला का नाही गेलास?"

त्यानंतर आई चार वर्षं जगली, तोंडाने जेवली, आणि गेली ती हृदयविकाराने. तेव्हा मी नको म्हणणारा माणूस आज करा म्हणतोय.

रेवती७

माळरान, तुमच्या आईंचं वाचून बरं वाटलं पण मला दुसरी बाजू लिहायलाच हवी, कारण तेव्हा ती आम्हाला कुणी सांगितली नव्हती. माझे सासरे ८१ चे, घशाच्या खालच्या भागात, हायपोफॅरिंक्सला. ऑपरेशन म्हणजे स्वरयंत्र जाणार म्हणून केमो-रेडिएशन ठरलं, "तरुण माणसाला देतो तोच पूर्ण डोस देऊ, फिट आहेत" असं म्हणाले. आम्हीच आग्रह धरला होता की काही कमी ठेवू नका. चौथ्या आठवड्यात तोंड आणि घसा आतून सोलून निघाला, पाणी गिळवेना, शरीर कोरडं पडलं, क्रिएटिनिन चढलं, किडनी बसली, मग न्यूमोनिया. ११ दिवस आयसीयू. रेडिएशन अर्धवट राहिलं. तिसऱ्या महिन्यात गेले.

शेवटी ते वहीत लिहून बोलायचे. एक पान माझ्याकडे आहे, त्यावर लिहिलंय "मला कोणी विचारलं?" एवढंच. वय झालेल्या माणसाची ट्रीटमेंट त्याच्या डोक्यावरून ठरवू नका, एवढंच सांगायचंय.

तिरीप

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं डोकं-मानेचे कॅन्सरच बघतो. सावनीताईंच्या बाबांना मी तपासलेलं नाही त्यामुळे हे सल्ला म्हणून नको, चर्चेला प्रश्न मिळावेत म्हणून वाचा.

रेवतीताई, जे झालं त्याचं फार वाईट वाटतं. पण त्यातून "म्हाताऱ्यांना ट्रीटमेंट नको" असा अर्थ कुणी काढू नये. तुम्ही लिहिलंय त्यावरून चूक उपचार देण्यात नव्हती, तरुणाचा पूर्ण डोस जसाच्या तसा देण्यात होती. रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध जोडलं की फायदा होतो हे खरं. २००९ मध्ये ९३ चाचण्यांमधल्या १७ हजारांहून जास्त पेशंटची माहिती एकत्र करून बघितली होती, त्यात केमो जोडल्यामुळे ५ वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण सरासरी साडेचार टक्क्यांनी वाढलं, रेडिएशनसोबतच दिली तर साडेसहा. पण त्याच अभ्यासात वयाप्रमाणे गट पाडले तर फायदा वाढत्या वयाबरोबर आटत जातो आणि सत्तरीपुढे दिसेनासा होतो. त्रास मात्र आटत नाही. सिस्प्लॅटिन किडनीवर जातं, कानावर जातं, हातापायाच्या नसांवर जातं, आणि वयस्कर पेशंटमध्ये या तिन्ही गोष्टी आधीच अर्ध्या वापरून झालेल्या असतात. बाबांना ऐकायला कमी येतं असं तुम्ही लिहिलंय, ते केमोची चर्चा निघाली तर स्वतःहून सांगा, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. नुसतं क्रिएटिनिन बघून किडनी ठीक म्हणू नका, वय आणि वजन धरून क्लिअरन्स, म्हणजे किडनी प्रत्यक्षात किती काम करते ते, काढायला सांगा. वाळलेल्या शरीरात क्रिएटिनिन नॉर्मल दिसतं आणि किडनी निम्मीच चालत असते.

दुसरं, जन्मतारखेवरून काही ठरवता येत नाही. माझ्याकडे ८४ चे गृहस्थ जिना चढून येतात आणि ६६ चे व्हीलचेअरवरून येतात. जी-८ नावाची आठ प्रश्नांची छोटी चाचणी आहे, खाणं कमी झालंय का, वजन उतरलंय का, हिंडतात का, स्मृती आणि मनःस्थिती, उंचीच्या मानाने वजन, तीनपेक्षा जास्त औषधं चालू आहेत का, स्वतःच्या वयाच्या लोकांपेक्षा तब्येत कशी वाटते, आणि शेवटी वय. एकूण गुण १७, १४ किंवा कमी आले तर वृद्धांच्या तब्येतीचं सविस्तर मूल्यमापन करायचं. पाच मिनिटांचं काम आहे. डॉक्टरांना विचारा, केलं का म्हणून.

आडवाटेने

डॉक्टर, एक शंका. मग ऑपरेशन टाळून नुसते शेक, म्हणजे रेडिएशन, दिले तर? माझ्या मामांना आवाजाच्या पेटीला होतं, नुसत्या शेकावर बरे झाले, ६ वर्षं झाली.

निशिगंध_म

शेक! माझी आजी पण शेकच म्हणायची, शेजारच्या बेडवरच्या बाई लाइट म्हणायच्या, आणि दोघींचा वाद चालायचा की नक्की काय घेतोय आपण. आजीला मशीनमध्ये काहीच गरम लागलं नाही तेव्हा ती टेक्निशियनला म्हणाली, "बाळ, आज चालू करायला विसरलास का?"

थोडं अवांतर पण कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते, तो जाळीचा मास्क. चेहऱ्यावर गरम करून बसवतात आणि टेबलाला कड्यांनी अडकवतात म्हणजे डोकं हलत नाही. आजीला पहिल्या दिवशी जीव गुदमरल्यासारखं झालं, नको म्हणून उठून बसली. दुसऱ्या दिवशी माझा भाचा सोबत आला आणि त्याने विचारून मास्कवर रंगाने मिशा काढल्या. त्यानंतर आजी रोज विचारायची, माझा मिशीवाला कुठाय. ३० पैकी ३० सिटिंग पूर्ण केल्या तिने, एकही चुकवली नाही.

तिरीप

निशिगंध, एकही चुकवली नाही हे मोलाचं आहे. रेडिएशन मध्ये थांबलं की कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढायला लागतात, ठरलेल्या मुदतीपेक्षा जितके दिवस लांबेल त्यातल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घसरते असा हिशोब आहे. म्हणून सुरू करण्याआधीच येण्याजाण्याची सोय, पोषण, जेवणाची नळी, सोबतीचं माणूस हे सगळं ठरवून घ्यायचं असतं.

आडवाटेने, जागेजागेत फरक आहे. स्वरयंत्राच्या लवकरच्या कॅन्सरला नुसतं रेडिएशन छान चालतं. स्वरयंत्राच्याच वाढलेल्या आजारातही १९९१ च्या अमेरिकेतल्या व्हेटरन्स रुग्णालयांच्या अभ्यासात केमो-रेडिएशन गटातल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांचं स्वरयंत्र वाचलं होतं आणि जगण्यात फरक पडला नव्हता. जिभेचं आणि गालाचं तसं नाही. तोंडाच्या पोकळीत ऑपरेशन हाच पहिला पर्याय, वय ७९ असलं तरी, पेशंट सोसू शकत असेल तर. नुसत्या रेडिएशनला तिथे ७० ग्रेच्या (रेडिएशन मोजायचं माप) आसपास मोठा डोस लागतो, जबड्याचं हाड मध्ये येतं, आणि तरी खात्री कमीच. मानेचंही तेच. मानेत काहीच लागत नसताना गाठी आधीच काढाव्या का, यावर टाटा मेमोरियलचा २०१५ चा अभ्यास आहे, आधी काढलेल्यांत ३ वर्षांनी ८० टक्के हयात, वाट बघितलेल्यांत साडेसदुसष्ट. सावनीताईंच्या बाबांना तर गाठ लागलेलीच आहे.

ऑपरेशन म्हणजे एकच ठराविक गोष्ट असं पण नाही. मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसकट घेऊन जीभ बांधायची, की तिथल्या तिथे टाके घालून बंद करायची, यावर भुलीचे तास खूप बदलतात. सर्जनना विचारा की बाबांच्या बाबतीत छोटा मार्ग चालेल का आणि त्यात बोलण्यात किती फरक पडेल.

दीपमाळ

एक वैद्य आहेत, माझ्या ओळखीच्यांना त्यांच्या काढ्याने गाठ विरघळली होती. ऑपरेशनआधी तीन महिने करून बघायला काय हरकत आहे?

माळरान

हरकत आहे. माझ्या काकांनी हेच तीन महिने केले. ऑपरेशन होऊ शकणारी गाठ तीन महिन्यांनी जबड्यात शिरली होती. दीपमाळ, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं पण कृपया हे इथे सुचवू नका.

दीपमाळ

माफ करा. मला फक्त त्यांना त्रास होऊ नये असं वाटलं होतं.

नदीकाठ

सावनीताई, बाबांना सांगू नका असंच मी म्हणेन. माझ्या वडिलांना सांगितलं आणि त्यांनी त्या दिवसापासून खाणंच सोडलं. मन खचलं की शरीर साथ देत नाही.

रेवती७

नदीकाठ, मला पटत नाही. "इन्फेक्शन" म्हणून भूल देणार आणि शुद्धीवर येतील तेव्हा अर्धी जीभ नसेल? माणसाने कोणावर विश्वास ठेवायचा मग? माझ्या सासऱ्यांना सगळं समजत होतं, आम्ही दाराबाहेर कुजबुजायचो ते त्यांना दिसत होतं. आम्ही गप्प होतो म्हणून ते पण गप्प राहिले. एका घरात चार माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती.

नदीकाठ

तुमचं खोटं नाही. पण सांगायची पण एक पद्धत असते. आमच्याकडे डॉक्टरांनी उभ्या उभ्या, फाइल बघत, एका वाक्यात सांगितलं. वडील माझ्याकडे बघत राहिले. कदाचित सांगितल्यामुळे नाही, तसं सांगितल्यामुळे खचले असतील. हे लिहिताना पहिल्यांदाच असं वाटतंय.

शब्दवेल

मी स्पीच आणि स्वॉलो थेरपिस्ट आहे. निर्णय काहीही होवो, काही गोष्टी आत्तापासून करा, नंतर फार उशीर होतो.

पहिली दातांची. रेडिएशनच्या पट्ट्यात येणारे खराब दात आधी काढायचे, आणि सुरू होण्याआधी निदान दहा ते चौदा दिवस मिळायला हवेत म्हणजे जखम भरते. नंतर काढायची वेळ आली तर हाड भरून येत नाही, सडतं, त्याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात आणि ते मी बघितलंय, नको वाटतं. आणि हे दोन वर्षांनी सुद्धा लक्षात ठेवायचं, कुठल्याही दाताच्या डॉक्टरकडे गेलात तर आधी सांगायचं की इथे रेडिएशन झालंय.

दुसरी गिळण्याची. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर आखडतात, आणि वयस्कर माणसात पटकन आखडतात. नळी घातली तरी तोंडाने गिळणं पूर्ण बंद करू नका, थेरपिस्टने सुरक्षित म्हटलं असेल तर दिवसातून काही घोट तरी. व्यायाम सोपे आहेत, जीभ दातांत हलकी धरून गिळणं, गिळताना कंठमणी वर गेला की दोन सेकंद तिथेच धरून ठेवणं. ऑपरेशन झालंय, टाके आहेत, तर आधी विचारून मगच.

आणि ठसका. लोक म्हणतात ठसका लागला तर कळेलच. नाही कळत. म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा पाणी श्वासनलिकेत गुपचूप जातं, खोकला येतच नाही, आणि चार दिवसांनी ताप येतो. जेवल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा येत असेल तर लगेच दाखवा. ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली, छोटे घास, घाई नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. तोंड स्वच्छ ठेवलं तर न्यूमोनिया सुद्धा कमी होतो, कारण फुप्फुसात जाणारी लाळ कमी घाण असते.

तोंड उघडणं रोज मोजा. वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये तीन बोटं उभी जातात का बघा. दोनच जायला लागली की सांगा, वाट बघू नका.

काजवा_

शब्दवेल यांचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवलाय. कुणालाही लागू शकतो.

जुनंपान

मी स्वतः ७४ वर्षांचा आहे आणि पेशंटही आहे. तुम्ही सगळे मुलं-मुली आमच्याबद्दल बोलताय म्हणून म्हटलं आपण पण लिहावं. माझा टॉन्सिलचा, रेडिएशन पूर्ण, केमो नाही कारण किडनी. दोन वर्षं होत आली. चव परत यायला आठ महिने लागले आणि ती सुद्धा पूर्वीची नाही. तोंड कोरडं पडतं, पाण्याची बाटली सोडून कुठे जात नाही. रात्री दोनदा उठतो पाण्यासाठी. थायरॉइड पण गेलं, मानेवर रेडिएशन झालं की जातं म्हणे बऱ्याच जणांचं, मी "आता थकवा कायमचाच" म्हणून बसलो होतो, टीएसएच केली तेव्हा कळलं आणि गोळीने महिन्याभरात माणसात आलो. तेव्हा सहा महिन्यांनी ती टेस्ट विसरू नका.

एवढं सगळं असून मी पुन्हा विचारलं तर हो म्हणेन. पण मला विचारलं होतं. डॉक्टरांनी खुर्ची ओढली, बसले, मुलाला म्हणाले जरा बाहेर थांब, आणि मला विचारलं, तुम्हाला कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते? मी म्हटलं मरणाची नाही, अंथरुणाला खिळायची. मग त्यांनी त्या हिशोबाने सगळं आखलं. सावनी बेटा, तुझ्या बाबांना हा प्रश्न विचार.

तिरीप

जुनंपान काका, तोंड कोरडं पडण्याबद्दल थोडं. आता आयएमआरटी या जास्त नेमक्या रेडिएशनच्या पद्धतीने लाळेच्या ग्रंथी वाचवता येतात. २०११ च्या ब्रिटिश अभ्यासात जुन्या पद्धतीत वर्षानंतर ७४ टक्के लोकांना त्रासदायक कोरडेपणा होता, आयएमआरटीत ३८. म्हणजे कमी झाला, संपला नाही. पेशंटला दोन्ही सांगायला हवं.

आडवाटेने

आणि ज्यांना खरंच झेपणार नाही त्यांचं काय? माझी आत्या ८८ ची, अंथरुणावर, गालातून गाठ बाहेर आलीय. ऑपरेशनचा प्रश्नच नाही. सगळे म्हणतात आता काही करण्यासारखं नाही.

तिरीप

करण्यासारखं आहे. बरं करणं शक्य नसलं तरी करण्यासारखं बरंच असतं. दोन दिवसांत चार छोटी सिटिंग, दिवसातून दोन, अशी रेडिएशनची पद्धत आहे, क्वाड शॉट म्हणतात, चालली तर चार आठवड्यांच्या अंतराने परत देतात, साधारण तीनदा. सहा आठवडे रोज नेण्यापेक्षा वेगळीच गोष्ट आहे ती. दुखणं, रक्त येणं कमी होतं. तेही नको असेल तर आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट या केमोच्या गोळ्या आणि रोज सेलेकॉक्सिब ही सूज-दुखण्यावरची गोळी, घरी घेता येतात. पुढे गेलेल्या आजारात सिस्प्लॅटिनच्या इंजेक्शनांशी या गोळ्यांची तुलना झालीय, २०२० मध्ये छापून आली, गोळ्यांवरचे पेशंट साधारण साडेसात महिने जगले, इंजेक्शनवरचे सहा, आणि गंभीर त्रास गोळ्यांत कमी. पण त्या अभ्यासातले लोक हिंडतेफिरते होते, ८८ च्या अंथरुणावरच्या बाईंना जमेल का ते किडनी आणि रक्त तपासूनच ठरेल.

मॉर्फिनला घाबरू नका. नीट मोजून दिलं तर व्यसन लागत नाही, माणूस झोपतो आणि बोलतो. बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्या. जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडॅझोल जखमेवर लावतात, वास दोन-तीन दिवसांत उतरतो. हे छोटं वाटतं, पण वास गेला की नातवंडं परत खोलीत यायला लागतात. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, टीम आजच गाठा.

आडवाटेने

वासाचं कुणी सांगितलंच नव्हतं. आत्या तोंडावर पदर घेऊन बसते. उद्याच विचारतो.

निशिगंध_म

सावनी, कुठे आहेस? आठवडा झाला.

सावनी_प

आहे. रोज वाचत होते, लिहायला सुचत नव्हतं.

जुनंपान काकांचा प्रतिसाद मी दादाला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण रविवारी स्वतःहून म्हणाला चल, सांगूया. बाबांच्या कानाला मशीन लावलं, टीव्ही बंद केला, आणि मी सांगितलं. बाबा म्हणाले, "बायोप्सी इन्फेक्शनची करत नाहीत, हे मला कळतं." त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्ही घाबरू नये म्हणून ते गप्प होते. रेवतीताई, तुम्ही लिहिलेलं चार माणसांचं वाक्य तेव्हा डोक्यात घुमत होतं.

मग काकांचा प्रश्न विचारला. बाबा म्हणाले, बोलता नाही आलं तर चालेल, पण जेवताना सगळ्यांसोबत बसता यायला हवं, वेगळ्या खोलीत नळीवर नको. हेच सर्जनना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले मग ऑपरेशन न करण्यानेच ती वेळ लवकर येईल, गाठ वाढली की गिळणंच बंद होतं. दादाने तिथेच मान डोलावली. "आहेत तेवढे दिवस सुखात" म्हणजे काय हे त्याला पण त्या दिवशी वेगळं दिसलं असावं.

जी-८ मध्ये १३ आले. मग वृद्धांच्या डॉक्टरांनी तासभर तपासलं, दोन औषधं बंद केली, झोपेची गोळी हळूहळू सोडवली (तिने डिलिरियम वाढतो म्हणे), पोषणाची पावडर आणि श्वासाचे व्यायाम दिले. दहा दिवसांनी ऑपरेशन. टाके घालून बंद करण्याचा छोटा मार्ग चालेल म्हणाले.

रेवती७

सावनी, खूप बरं वाटलं. बाबांना माझा नमस्कार सांग.

माळरान

तिसरी रात्र लक्षात ठेवा. चष्मा, मशीन, घड्याळ. आणि आईंना रात्रीची पाळी देऊ नका, आमच्याकडे बाबांनी हट्टाने केली आणि आठवड्याने तेच ॲडमिट झाले.

सावनी_प

बऱ्याच आठवड्यांनी लिहितेय. ऑपरेशन झालं. दुसऱ्याच रात्री गोंधळले, दादा होता सोबत, माळरान दादांची यादी त्याने भिंतीला चिकटवली होती, दीड दिवसात सावरले. नळी सोळाव्या दिवशी निघाली. रिपोर्टमध्ये काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या, मानेत एकच गाठ लागलेली आणि ती कवच फोडून बाहेर आलेली नाही. म्हणून केमोची गरज नाही, फक्त रेडिएशन, ३० सिटिंग. "स", "ल", "र" नीट येत नाहीत, माझ्या नावाची सुरुवातच अडते, पण हाक मारतात.

आज नववी सिटिंग झाली. तोंडात आग सुरू झालीय, कालपासून पाणी पण नको म्हणतायत. डॉक्टरांची वेळ उद्या सकाळची आहे. तोवर काय करू?

शब्दवेल

लघवी कमी झाली, चक्कर येत असेल, तर उद्याची वाट न बघता आजच इमर्जन्सीला न्या, सलाइन लागू शकतं. तसं नसेल तर डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलं असेलच, ते जेवणाच्या अर्धा तास आधी द्या, जेवल्यावर नाही. सुन्न करणारं जेल दिलं असेल तर जपून, घसा बधिर असताना ठसका कळत नाही. पाव लिटरच्या आसपास पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा, दर दोन तासांनी खळखळून थुंकायचं. कोमट किंवा गार, गरम अजिबात नाही. दारू असलेला माउथवॉश असेल तर फेकून द्या. आणि रोजचं वजन लिहून ठेवा, आठवड्यात दोन किलो उतरलं तर नळीचं बोलावं लागेल. थोड्या दिवसांसाठीची नळी म्हणजे त्यांना नको असलेली ती नळी नव्हे, हे बाबांना आधीच समजावून ठेवा.

तिरीप

पूर्ण अनुमोदन. आणि उद्याची सिटिंग चुकवू नका.

सावनी_प

लघवी ठीक आहे, चक्कर नाही. औषध देऊन अर्ध्या तासाने बसवलं, आई शेजारी बसली तिचं ताट घेऊन. नऊ घोट घेतले. वहीत लिहिलंय. वजन ५८.४.